दोनशे बारा चकचकीत पानं

मामांच्या पुस्तकाचे फोटो काढून द्यायचं कबूल केलं तेव्हा वाटलं होतं, एक दुपार पुरेल. ११ जानेवारीला सुरुवात केली आणि काम संपलं २ मार्चला. मधल्या सात आठवड्यांत काय चुकलं, कशासाठी थांबावं लागलं आणि शेवटी कशाने जमलं, ते क्रमाने लिहून ठेवते आहे. चकचकीत कागदावरचा तो पांढरा चट्टा बघून वैतागलेलं कुणी हे वाचत असेल, तर त्याचे निदान पहिले तीन आठवडे वाया जाऊ नयेत एवढाच हेतू.

आधी पुस्तकाबद्दल. मामा पक्ष्यांचे फोटो काढायचे. निवृत्तीनंतर त्यांनी निवडक फोटोंचा एक खंड जुळवला आणि छपाईला देण्याआधी त्याची एकच नमुना प्रत बांधून घेतली. २१२ पानं, ए-४ आकार, जाड आर्ट पेपर, त्यावर चकचकीत वार्निश, आणि पहिल्या पानावर सोनेरी फॉइलमध्ये नाव. पुढची छपाई राहूनच गेली. मामा गेले, आणि मूळ फाइली ज्या हार्ड डिस्कवर होत्या ती त्यांच्याही आधी गेली होती. म्हणजे आता आहे ती हीच प्रत. त्यातली निम्मी पानं घुबडांची आणि रातव्यांची. मागे सगळा काळोख. काळ्या पानावर चकाकी जितकी उठून दिसते तितकी दुसऱ्या कशावरच दिसत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

डिसेंबरात एका स्कॅनिंग करून देणाऱ्या ठिकाणी विचारून झालं होतं. नऊ दिवसांनी उत्तर आलं: बांधणी सोडवून पानं सुटी करावी लागतील, सोबतचा संमतीचा अर्ज मालकाच्या सहीने पाठवा. अर्जात एक ओळ होती, ‘बांधणी पूर्ववत होईलच याची हमी देता येणार नाही.’ मामींनी ती ओळ दोनदा वाचली, चष्मा काढून ठेवला आणि म्हणाल्या, “नको गं. राहू दे तसंच.” मग मीच म्हटलं, मी काढते फोटो. त्यांनी पुस्तक दिलं ते दोन अटींवर: पालथं घालायचं नाही, आणि शिवणीवर जोर द्यायचा नाही.

घरचा सपाट स्कॅनर त्या दुसऱ्या अटीतच बाद झाला. पुस्तक पूर्ण उघडतच नाही. ११० अंशांच्या पुढे नेलं की शिवण कुरकुरते. स्वस्त स्कॅनरला काचेपासून दोन-तीन मिलिमीटर वर उचललेलं काही नीट दिसत नाही, त्यामुळे शिवणीजवळचा सगळा भाग धूसर. पण तुमच्याकडे सुटी पानं असतील तर हे पुढचं काही वाचू नका, सरळ स्कॅन करा. स्कॅनरचा दिवा आतून तिरका पडतो आणि कागद काचेला चिकटलेला असतो, म्हणून तिथे चकाकीचा प्रश्नच फारसा येत नाही.

११ जानेवारी, शनिवार, रात्र. पुस्तक टेबलावर, छताचा दिवा चालू, हातात फोन. पहिल्याच फोटोत घुबडाच्या छातीवर ट्यूबलाइट आडवी. फोन थोडा तिरका धरला तर ट्यूब गेली, पण पान एका बाजूला निमुळतं झालं. ते संगणकावर सरळ करता येतं. मात्र लांबच्या कडेची अक्षरं ताणली जाऊन मऊ पडतात, आणि दहा पानं अशी सरळ केली की प्रत्येकाचा आकार वेगळा. फ्लॅश मारून पाहिला. पानाच्या मध्यभागी पांढरं भगदाड. तो विषय तिथेच मिटला.

दुसऱ्या दिवशी खिडकीजवळ. बऱ्याच जणांनी हाच सल्ला दिला होता, आणि तो अगदीच चुकीचा नाही. खिडकी बाजूला असेल, पान सपाट असेल आणि खोलीत उजेडाची दुसरी वाट नसेल, तर काम होतं. माझं पान सपाट नव्हतं. शिवणीकडे वळलेल्या भागात खिडकीची उभी पांढरी पट्टी यायचीच. शिवाय प्रत्येक फोटोत काळ्या पार्श्वभूमीवर एक फिकट, ढगासारखा आकार. वाटलं लेन्स खराब झाली. तीन वेळा पुसली. मग लक्षात आलं, तो ढग म्हणजे मी. माझा पांढरा टॉप. त्या दिवसापासून या कामाला मी काळा, पूर्ण बाह्यांचा टी-शर्टच घालत आले. बाहेर ढग येत-जात होते, प्रत्येक पानाचा उजेड वेगळा. दोन तासांत चौदा पानं, त्यातलं एकही ठेवण्यासारखं नाही.

पुढच्या शनिवारी, १८ जानेवारीला, मी माझी सर्वांत मोठी चूक केली. फोटोग्राफी थोडीफार येते अशा सगळ्यांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की असते: उजेड मऊ केला की चमक कमी होते. चेहऱ्याच्या बाबतीत ते खरं आहे. म्हणून मी दोन दिव्यांपुढे पांढरं कापड ताणलं, चांगलं मीटरभर रुंद. फोटोत चट्ट्याची कडा मऊ झाली, आणि चट्टा पानभर पसरला. काळं घुबड राखाडी झालं. दिवे लांब नेले, जवळ आणले, कापड दुहेरी केलं. रविवारी मामींचा फोन आला, “झालं का गं?” मी म्हटलं, सुरुवात चांगली झाली आहे. एवढं धडधडीत खोटं मी त्यांच्याशी आधी कधी बोलले नव्हते.

२५ तारखेला काच. पान वळतंय हाच त्रास असेल तर वरून काच ठेवून सपाट करू, असा विचार. फोटोफ्रेमची काच काढून स्वच्छ धुतली. साध्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के उजेड परत फेकतो, दोन्ही मिळून ८ टक्के. म्हणजे एका चकचकीत पानाच्या जागी आता चकचकीत पान आणि वर आणखी एक चकचकीत वस्तू. त्यात जिथे काच वार्निशला टेकली तिथे तेलाच्या तवंगासारखी रंगीत वर्तुळं उमटली. ही न्यूटनची वलयं. दोन गुळगुळीत पृष्ठभागांमध्ये हवेचा पातळ थर अडकला की दिसतात. प्रतिबिंबरोधक लेप असलेली काच मिळते आणि ती खरंच बरी असते, पण वलयांची धास्ती होतीच. शिवाय काच ठेवायची म्हणजे शिवणीवर वजन आलंच. काच परत फ्रेममध्ये घातली.

त्या आठवड्यात मी कॅमेऱ्याला हात लावला नाही. थोडी रुसलेच होते म्हणा ना.

१ फेब्रुवारीला पर्समधला छोटा आरसा सहज पुस्तकावर ठेवला, चट्टा जिथे यायचा नेमका तिथे. डोळा लेन्सच्या जागी आणून आरशात पाहिलं. आत दिवा. आरसा सरकवत दुसऱ्या चट्ट्यावर नेला. आत पांढऱ्या कापडाची कड. तिसरीकडे छताचा कोपरा. पानावर ‘चकाकी’ नावाचं काही नव्हतंच, होती ती खोलीची प्रतिबिंबं. शाई कागदात असते आणि उजेड सगळीकडे विखुरते. वरचं वार्निश मात्र आरशासारखं, ज्या कोनात उजेड आला त्याच कोनात तो पलीकडे पाठवतं. मी तीन आठवडे उजेड ‘कमी’ किंवा ‘मऊ’ करत बसले होते. प्रश्न एवढाच होता की या आरशात लेन्सला काय दिसतंय, आणि तिथून ते हलवायचं कसं.

हे कळल्यावर कापडाचं कोडंही सुटलं. मोठं कापड म्हणजे आरशात दिसणारी मोठी पांढरी वस्तू. छोटा, उघडा, कडक दिवा आरशात दिसणार नाही अशा जागी ठेवणं कितीतरी सोपं.

ती जागा मोजता येते. कॅमेरा पानाच्या बरोबर वर, लेन्स सरळ खाली बघते आहे असं धरा. पान सपाट असेल तर कॅमेऱ्याच्या उंचीवर लेन्सभोवती पानाच्या दुप्पट लांबी-रुंदीचा एक चौकोन येतो. या चौकोनात जे जे आहे ते पानात दिसणार. ए-४ म्हणजे २१ बाय २९.७ सेंटिमीटर, तेव्हा साधारण ४२ बाय ६० सेंटिमीटरचा तुकडा काळा हवा. कॅमेऱ्याच्या वरचं छत असेल तर तो भाग आणखी मोठा होतो. म्हणून मी जाड काळ्या कापडाच्या मधोमध लेन्स जाईल एवढं भोक पाडलं आणि ते झग्यासारखं कॅमेऱ्याला घातलं. कापड मखमलीसारखं उजेड पिणारं हवं. काळं सॅटिन स्वतःच चमकतं. ट्रायपॉडचा चंदेरी स्क्रू आणि कॅमेऱ्यावरची पांढरी अक्षरं काळ्या चिकटपट्टीने झाकली. हास्यास्पद वाटतं, पण त्या अक्षरांचं उलटं प्रतिबिंब एका गव्हाणी घुबडाच्या पंखावर मला खरोखर वाचता आलं होतं.

आता मांडणी. फोन बाजूला ठेवून जुना २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा काढला, त्याला ५० मिलिमीटरची लेन्स. त्याचा सेन्सर (आतला चित्र टिपणारा तुकडा) लहान, म्हणून एक ए-४ पान चौकटीत बसवायला कॅमेरा सुमारे ८० सेंटिमीटर वर न्यावा लागतो. हे अंतर फायद्याचं. लेन्स जितकी लांब, तितकी ती पानाच्या कडांकडे कमी तिरकं बघते, आणि दिव्यांना मोकळी जागा जास्त मिळते. फोनवर करणाऱ्यांनी रुंद लेन्स टाळून दुप्पट झूमची लेन्स वापरावी आणि फोन उंच न्यावा, कारण हेच. ट्रायपॉडचा मधला दांडा आडवा करून कॅमेरा खाली तोंड करून लावला आणि विरुद्ध पायाला वजनाची पिशवी अडकवली. पिशवी विसरू नका. कॅमेरा मामांच्या पुस्तकावर पडताना मी एकदा अर्ध्यात झेलला आहे.

कॅमेरा पानाला समांतर आहे का, हे बघायलाही तोच आरसा. आरसा पानावर सपाट ठेवायचा आणि कॅमेऱ्यातून बघायचं. लेन्सचं प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर मध्यभागी आलं की समांतर झालं. पाणसळीपेक्षा हे खात्रीचं, कारण टेबल तिरपं असलं तरी फरक पडत नाही.

पुस्तक ११० अंशच उघडत असल्यामुळे एका वेळी एकच पान घेणं भाग होतं. जे पान टिपायचं त्याची बाजू टेबलावर आडवी, आणि दुसरी बाजू मागे एका खोक्याला टेकवलेली. उभ्या पानाचा रंग आडव्या पानावर पडतो (हिरव्या रानाच्या समोरचं घुबड हिरवट येतं), म्हणून त्या पानावर काळा जाड कागद. टिपायच्या पानाखालीही एक काळा कागद सरकवला, म्हणजे मागची छपाई झिरपून दिसत नाही. आधी सगळी उजवी पानं, १०६. मग पुस्तक फिरवून सगळी डावी.

दिवे दोन, एकाच प्रकारचे एलईडी, रंग नीट दाखवणारे. पुस्तकांत सांगतात तसे मी ते डावीकडे आणि उजवीकडे, पानाशी ४५ अंशांत लावले. सपाट भाग एकदम स्वच्छ. मी टाळी वाजवली. पण शिवणीजवळ, जिथे कागद गोल वळतो, तिथे वरपासून खालपर्यंत पांढरी रेघ. दिवे खाली आणले तर रेघ आणखी शिवणीकडे सरकली, पण गेली नाही. उलट कागदाचे बारीक उंचवटे सावल्या टाकू लागले. रेघेचं कारण असं: आरसा १० अंशांनी कलला की त्यातून परत जाणारा उजेड २० अंशांनी फिरतो. शिवणीजवळ कागद हळूहळू वळतो, त्यामुळे दिवा कुठेही ठेवला तरी त्या वळणात एखादी जागा अशी सापडतेच की जिथून तो लेन्सला दिसेल.

यावर ८ फेब्रुवारीचा अख्खा दिवस गेला. संध्याकाळी दिवे गरम झाले म्हणून बंद केले, चहा घेत बसले आणि रिकामी नळी डोळ्यांसमोर आली. पान शिवणीजवळ नळीसारखं वळतं, आणि नळी फक्त आडवी वळते, लांबीच्या दिशेने नाही. म्हणजे पान डावीकडे-उजवीकडे कलतं. डोक्याकडे किंवा पायाकडे कलत नाही. मग दिवे डावी-उजवीकडे का? एक दिवा पुस्तकाच्या डोक्याशी आणि एक पायाशी ठेवला, तिरपे, पानाशी ४० अंशांच्या आसपास. रेघ गायब. शिवणीतली सावलीही गेली, कारण उजेड आता दरीच्या लांबीच्या दिशेने वाहत होता. मी रात्री साडेनऊला मामींना फोन करून हे सांगितलं. त्यांना त्यातलं काही कळलं नसावं, पण म्हणाल्या, “बरं झालं हो. आता जेव.”

तुमच्याकडे एकच दिवा असला, साधा टेबललॅम्प असला, तरी आधी एवढंच करून बघा: दिवा पुस्तकाच्या शिवणीच्या रेषेत आणा. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातली हीच एक गोष्ट बाकी सगळ्यांच्या वरची आहे, आणि हिला पैसे लागत नाहीत.

उजेड पानभर सारखा पडतोय का ते बघायला पानाच्या जागी साधा, न चमकणारा पांढरा कागद ठेवून फोटो काढला. कोपरे मधल्या भागापेक्षा बरेच काळे. दिवा जवळ असला की असं होतं. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो, त्यामुळे जवळच्या दिव्याचा फरक पानाच्या पानात जाणवतो. दिवे ४० सेंटिमीटरवरून ९० वर नेले आणि शटर तेवढं जास्त वेळ उघडं ठेवलं. शेवटी आकडे असे स्थिरावले: आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) १००, लेन्सचं भोक एफ/८, शटर सेकंदाचा पंधरावा भाग, दोन सेकंदांचा टायमर. फाइली रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या. सुरुवातीला आणि काहीही हललं की नंतर पुन्हा, राखाडी कार्डाचा एक फोटो, म्हणजे रंग नंतर एका क्लिकमध्ये जागेवर येतात.

काही पानं मात्र तरीही हटून बसली. मामांनी काही फोटोंवर उठावाचं जाड वार्निश चढवून घेतलं होतं. पिसांच्या रेघा बोटाला लागतात. तिथला प्रत्येक उंचवटा स्वतंत्र आरसा, सगळ्या दिशांना तोंड करून. शिवाय ओल लागून तीन-चार पानांना लाटा आल्या होत्या. अशी एकूण २३ पानं.

लेन्सला लावायचा पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा उजेड आत सोडणारा फिल्टर, घरात होता. लावला, गोल फिरवला. काहीच नाही. बऱ्याच जणांची इथे निराशा होते, म्हणून कारण सांगते. पाण्यावरची चमक पोलरायझरने जाते, कारण तिरक्या कोनात परावर्तित झालेला उजेड आपोआप ध्रुवित होतो, म्हणजे मुख्यतः एकाच दिशेत कंप पावतो. स्कॉटिश भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८१५ मध्ये या कोनाचा नियम मांडला. काचेसाठी तो, पृष्ठभागाच्या लंबापासून मोजला तर, सुमारे ५६ अंश आहे. आपण पानाकडे सरळ वरून बघतो. लेन्सकडे सरळ वर येणाऱ्या चमकेत हे ध्रुवीकरण जवळजवळ नसतंच. मग दिव्याचा उजेडच आधी ध्रुवित करावा लागतो: दिव्यांपुढे पोलरायझर फिल्म, आणि लेन्सवरचा पोलरायझर तिच्या आडवा. वार्निशवरून आरशासारखा परतणारा उजेड आपलं ध्रुवीकरण टिकवतो, म्हणून लेन्सवर अडतो. शाईत शिरून विखुरलेला उजेड ते हरवून बसतो, म्हणून आत येतो.

फिल्म ९ फेब्रुवारीला मागवली, १८ ला आली. या सगळ्या प्रकरणातला मोठा खर्च तोच. तोवर थांबले नाही. १५ आणि १६ ला उजवी पानं उरकली. पहिल्या वीस पानांना तास लागला, नंतर हात बसला आणि मिनिटाला एक पान होऊ लागलं. सुती हातमोजे घातले होते, ते दहाव्या पानाला काढले. मोज्यांनी दोन-दोन पानं एकदम उलटतात. स्वच्छ धुतलेले, पूर्ण कोरडे हात बरे. पान उलटलं की हवेच्या रबरी पंपाने धूळ उडवायची, कारण काळ्या चकचकीत पानावर धुळीचा कण म्हणजे आकाशातला तारा. १६ ला दुपारी कुणीतरी बाजूच्या खोलीतला दिवा लावला आणि दार अर्धं उघडं राहिलं. मला ते सतरा पानं झाल्यावर कळलं. एका कडेला पिवळट झाक. सतराही पुन्हा. त्यानंतर मी दाराला ‘काम चालू’ अशी चिठ्ठी लावली, आणि दर दहा पानांनी शेवटचा फोटो संगणकावर मोठा करून बघायला लागले.

मोठं करून बघताना काही करड्या भागांत नागमोडी पट्टे दिसले आणि पोटात गोळा आला. छपाई बारीक ठिपक्यांची असते, पडदा चौकोनी बिंदूंचा. दोन्ही जाळ्या एकमेकींवर आल्या की असे पट्टे दिसतात. शंभर टक्के आकारात बघितल्यावर बहुतेक पट्टे नाहीसे झाले, म्हणजे ते पडद्याचे होते. दोन पानांवर खरेच होते. कॅमेरा चार सेंटिमीटर वर घेतल्यावर गेले.

२२ तारखेला फिल्म लावली. फिल्मची दिशा ओळखायची सोपी रीत: संगणकाच्या एलसीडी पडद्यासमोर ती धरून फिरवायची. पडदा जिथे काळा होईल, तिथे कडेवर पेनाने बाण. दोन्ही तुकड्यांना सारखाच बाण काढून दोन्ही दिव्यांपुढे बाण एकाच दिशेला, पानाच्या रुंदीला समांतर. फिल्म दिव्याला चिकटवायची नाही, उष्णतेने खराब होते. मी हातभर पुढे उभी केली. मग पानाशेजारी स्टीलचा चमचा ठेवला आणि लेन्सवरचा पोलरायझर फिरवत चमच्यातल्या दिव्यांकडे बघत राहिले. दिवे मंद होत होत जांभळट ठिपके उरले की थांबायचं. चमचा काढला, फोटो घेतला. उठावाचं वार्निश जणू कधी नव्हतंच. शटर मात्र पंधराव्या भागावरून अर्ध्या सेकंदावर गेलं, म्हणजे तीन स्टॉप उजेड गेला (दर स्टॉपला उजेड निम्मा होतो). या वेळेला टेबलाला नुसता धक्का लागला तरी फोटो हलतो. मी श्वास रोखून उभी राहायचे, ज्याची काही गरज नव्हती.

हे इतकं छान दिसलं की सगळी पानं पुन्हा अशीच काढावीत असा मोह झाला. नाही काढली. चमक पूर्ण काढली की रंग गडद आणि काळा जास्तच काळा होतो. मामांच्या पुस्तकातला कागद हातात घेतल्यावर जसा दिसतो, तसा तो राहत नाही. फिल्मची स्वतःची किंचित रंगछटाही असते, त्यामुळे राखाडी कार्डाचा फोटो पुन्हा घ्यावा लागतो. म्हणून फिल्म फक्त त्या २३ पानांना. त्यातलंही एक, लाटांचं पान, मी फिल्मशिवाय करून पाहिलं: कॅमेरा न हलवता एकदा फक्त डोक्याकडचा दिवा, एकदा फक्त पायाकडचा, आणि संगणकावर दोन्ही एकावर एक ठेवून प्रत्येक ठिकाणी जो गडद तो बिंदू ठेवायचा. चमक फक्त उजेड वाढवते, त्यामुळे गडद तेच खरं. झालं छान, पण उजेड सारखा करण्यात तास गेला. ज्याला फिल्म मागवायची नाही आणि पाच-सहाच पानं आहेत, त्याने जरूर करावं.

२२ आणि २३ ला डावी पानं संपली. १ मार्चचा दिवस कंटाळवाणा: २१२ फाइलींना पान क्रमांकाची नावं, एकदा मोजणी (२११ भरल्या, पान ९९ काढायचंच राहिलं होतं), पुन्हा सगळी मांडणी, एक पान, आणि दोन वेगवेगळ्या डिस्कवर प्रती. मांडणी मोडण्याआधी मोजा.

सुदैवाने मीही नंतर लगेच मोडली नाही. रविवारी, २ मार्चला, मामी पुस्तक न्यायला आल्या. संगणकासमोर बसून त्यांनी एकेक पान पाहिलं, घुबडांशी थांबत. मी उगाचच मागे उभी. सगळं बघून झाल्यावर त्या पहिल्या पानावर परत गेल्या.

“यांचं नाव असं का गं? सोनेरी होतं ना?”

पडद्यावर नाव काळपट तपकिरी, चिखलाने लिहिल्यासारखं. पहिलं पान त्या २३ मध्ये होतं, कारण फॉइल सगळ्यात जास्त चमकायची. पण धातूला स्वतःची शाई नसते. सोनं सोनेरी दिसतं ते त्याच्यात काहीतरी उजळ दिसत असतं म्हणूनच. चमक पूर्ण काढली की उरतं ते हे.

दिव्यांपुढच्या फिल्म काढल्या, लेन्सवरचा पोलरायझर काढला. मामींच्या हातात एक पांढरा पुठ्ठा दिला आणि आरसा नावावर ठेवून त्यांना कुठे उभं राहायचं ते दाखवलं: लेन्सच्या जागेवरून बघताना आरशात पुठ्ठा दिसेल तिथे, म्हणजे मी चार आठवडे जी जागा काळ्या कापडाने झाकत होते बरोबर तिथे. कापडाची एक कड वर उचलली. “थोडं डावीकडे, मामी. आता हलू नका.” दोन सेकंदांचा टायमर, क्लिक. नाव झळाळलं. बाकीच्या काळ्या पानावर पुठ्ठ्याची फिकट सावली होती, ती आधीच्या फाइलीतलं काळं घेऊन झाकली, फक्त नाव नव्या फाइलीतलं ठेवलं.

मामींनी ते बघितलं आणि पुठ्ठा अजून हातातच धरून विचारलं, “आणि हे धरलं नाही तर?”